अंग, अंगी आणि साठ हजार रुपये

सुट्या भागांचा समुदाय हीच वस्तू, की भाग एकत्र आल्यावर त्यांहून निराळे असे काही नवे द्रव्य उत्पन्न होते, हा आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके अटीतटीने लढवलेला वाद आज चारचौघांत कोणी उकरून काढला, तर ऐकणारा सभ्य गृहस्थ जांभई आवरून घड्याळाकडे पाहील. आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण घट आणि कपाल, पट आणि तंतू ही त्या वादातली उदाहरणे पाठांतराने इतकी गुळगुळीत झाली आहेत की त्यांवरून आता विचार घसरतो, थांबत नाही. परंतु ज्याच्या हाती मोजकी रक्कम आहे आणि ज्याला आयुष्यातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर सुटे भाग निवडून स्वतः जुळवायचा आहे, असा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा या वादात नकळत उतरलेलाच असतो, आणि तेही पदरचे पैसे पणाला लावून. ही गोष्ट पाठशाळेतल्या कोणाही प्रतिवाद्याला साधलेली नव्हती.

माझ्या भाच्याने केलेली यादी सात बाबींची आहे. सहा कोअरचा रायझन 5 5600 हा प्रोसेसर, बी550 जातीचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या डीडीआर4 रॅमच्या दोन पट्ट्या, आठ जीबी स्मृतीचे आरएक्स 6600 हे ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची एसएसडी, 550 वॅटचा एसएमपीएस आणि हे सारे ज्यात बसायचे ते कॅबिनेट. एकूण खर्चाला घरातून साठ हजारांची मंजुरी होती, आणि पडदा म्हणून घरातला जुनाच मॉनिटर वापरावा, अशी त्या मंजुरीला जोडलेली अट होती. यादी प्रथम पाहिली तेव्हा मनात आले ते एवढेच की या सात ओळींत कॉम्प्युटर कुठे आहे, हे त्या मुलाला विचारले तर तो काय उत्तर देईल.

हा प्रश्न अर्थात माझा नव्हे. मिलिंद या नावाने पाली ग्रंथात अजरामर झालेल्या मिनांडर या यवन राजाला नागसेन भिक्षूने रथावरून असेच पेचात धरले होते: आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हे, जू, दोर, चाबूक यांपैकी काहीच रथ नव्हे, आणि हे सारे बाजूला केल्यावर उरणारे असेही काही रथ म्हणून दाखवता येत नाही, तेव्हा रथ हे भागांच्या आश्रयाने चालणारे एक व्यवहारातले नाव, याहून अधिक काही नाही, हे राजाला कबूल करावे लागले. नैयायिकांना हे मुळीच मान्य नव्हते. अवयवी हा अवयवांहून भिन्न असून तो त्यांच्यात समवायाने, म्हणजे कधी न सुटणाऱ्या संबंधाने, राहतो, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यासाठी गौतमांच्या सूत्रांत दिलेली एक युक्ती तर मला फार रुचते: एका टोकाला धरले असता सबंध वस्तू धरली जाते आणि एक भाग ओढला असता सबंध वस्तू ओढली जाते, हे केवळ ढिगाच्या बाबतीत घडत नाही. धान्याच्या राशीतला एक दाणा उचलल्याने रास उचलली जात नाही. कॅबिनेट मात्र एका कडेने उचलले की आतला प्रोसेसरही उचलला जातो.

जाता जाता एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. तयार कॉम्प्युटर कंपनीकडून घेतला, तर हमीपत्र सबंध यंत्राचे मिळते. सुटे भाग जुळवले, तर प्रत्येक भागाचा खोका, क्रमांक आणि वॉरंटी निरनिराळी असते, रॅम बिघडली तर तक्रार रॅमच्या नावाने आणि कार्ड बिघडले तर कार्डाच्या नावाने दाखल होते, आणि ‘माझा कॉम्प्युटर बंद पडला आहे’ अशा तक्रारीला त्या व्यवस्थेत कोणतीच खिडकी नसते. म्हणजे तयार माल विकताना बाजार नैयायिक असतो आणि सुटा माल विकताना बौद्ध. एवढ्या जुन्या वादाचा निकाल बिलबुकाच्या नमुन्यावरून लागावा, हे गौतमांना किंवा नागसेनाला रुचले नसते, हे खरे.

परंतु मुलाच्या यादीकडे बारकाईने पाहू लागलो की या दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे असे दिसते: भाग आधी आपापल्या ठिकाणी पूर्ण असतात आणि मग ते एकत्र येतात. येथे ते तसे नाहीत. आठ जीबीच्या दोन पट्ट्या आणि सोळा जीबीची एक पट्टी यांची बेरीज कागदावर सारखी. तथापि 3200 वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी माहिती वाहते आणि दोन पट्ट्या योग्य त्या दोन खाचांत बसवल्या की दोन मार्ग उघडून तीच मर्यादा 51.2 वर जाते. आठ आणि आठ सोळा हे गणित चुकलेले नाही. चुकली आहे ती, क्षमता भागाच्या अंगभूतच असते, ही आपली समजूत. याहून बोलके उदाहरण 2022 च्या आरंभी बाजारात आलेल्या आरएक्स 6500 एक्सटी या स्वस्त कार्डाचे. या कार्डाला मदरबोर्डाशी बोलण्यासाठी चारच मार्गिका दिल्या होत्या. बोर्ड चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसचा असेल तर त्या कशाबशा पुरत, पण तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर तेच कार्ड कित्येक खेळांत लक्षणीय मंद पडे. आणि गरिबी अशी की स्वस्त कार्ड घेणाऱ्याच्या घरीच जुना बोर्ड असण्याचा संभव अधिक! कार्ड एकच, पेटीवरचे आकडे तेच, तरी त्याचे सामर्थ्य शेजाऱ्यावर अवलंबून. मग ‘हे कार्ड कसे आहे?’ या प्रश्नाला, ते कशात बसणार हे न विचारता, खरे उत्तर देताच येत नाही. आणि जो भाग संयोगापूर्वी आपला गुणही निश्चित सांगू शकत नाही, त्याला आधी अवयव मानून नंतर अवयवीची उत्पत्ती सांगणे, किंवा अवयवी नाकारून अवयवांवर सत्यतेची मोहोर उठवणे, या दोन्ही गोष्टी घाईच्या होत.

या ठिकाणी मला मदतीला येतात ते मीमांसक, ज्यांना तत्त्वज्ञ म्हणून आपण सहसा बोलावीत नाही. केवलानंद सरस्वतींनी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत बसून मीमांसाकोशाचे खंडामागून खंड सिद्ध केले, तरी सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात मीमांसा म्हणजे यज्ञातल्या पळ्या-समिधांचा किचकट जमाखर्च, ही प्रतिमा कायम राहिली. जमाखर्च तो आहेच. पण अनेक क्रिया, अनेक द्रव्ये, अनेक मंत्र मिळून एक कर्म कशामुळे होते, हा प्रश्न त्यांच्याइतक्या चिकाटीने कोणी हाताळलेला नाही. त्यांचे उत्तर असे की ऐक्य हे भागांच्या चिकटण्यात नाही आणि भागांवर अवतरलेल्या नव्या द्रव्यातही नाही. जे दुसऱ्याच्या प्रयोजनासाठी असते ते अंग, ज्याच्यासाठी असते ते प्रधान, आणि या परार्थतेच्या सूत्राने ओवलेले सारे मिळून एक. दर्शपूर्णमास इष्टीत पाच प्रयाज आहेत, भात कांडणे आहे, पाणी शिंपडणे आहे. यांतले काहीच स्वतःसाठी नाही, आणि नेमके म्हणूनच ते एका कर्माचे भाग आहेत.

आता यादीतले प्रधान कोणते? नवखा माणूस प्रोसेसर म्हणतो, कारण शाळेत त्याने प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू असल्याचे घोकलेले असते. थोडा माहितगार ग्राफिक्स कार्ड म्हणतो, कारण रकमेचा सर्वांत मोठा हिस्सा त्याच्यावर जातो. मीमांसकाला दोघांचेही उत्तर पटणार नाही, कारण कार्डसुद्धा परार्थच आहे. घरातल्या जुन्या मॉनिटरवर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके आहेत, म्हणजे एकूण 20,73,600. ते सेकंदाला साठदा नवे रंगवायचे तर एका चित्राच्या वाट्याला साडेसोळा मिलिसेकंदांहून किंचित अधिक वेळ येतो. या अवधीत खेळाचे जग पुढे सरकवायचे काम प्रोसेसरचे, आणि सरकलेले जग ठिपक्यांत उतरवायचे काम कार्डाचे. काउंटर-स्ट्राइक 2 सारखा खेळ, चित्राचा थाटमाट कमी ठेवून, केवळ वेगासाठी खेळला तर भार प्रोसेसरवर पडतो. सायबरपंक 2077 सारख्या खेळात पावसाने भिजलेल्या रस्त्यावरचे दिवे पाहत हिंडायचे असेल तर कार्डाचा घाम निघतो आणि प्रोसेसर तुलनेने निवांत असतो. म्हणून खेळ ठरल्यावाचून अंगांची थोरवी ठरत नाही.

लॅमिंग्टन रोडवर, ज्याला सरकारदप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, हे तत्त्व मी प्रत्यक्ष ऐकले. अरुंद दुकान, छतापर्यंत रचलेले मदरबोर्डांचे खोके, काउंटरवर हिरव्या कागदाचे कोटेशनबुक. भाच्याने यादी पुढे केली तेव्हा मालकांनी तिच्याकडे पाहिलेही नाही.

“काय खेळणार?” त्यांनी विचारले.

“सगळंच, काका.”

“सगळं कोणीच खेळत नाही. मॉनिटर कोणता आहे घरी?”

“जुनाच आहे. फुल एचडी, साठ हर्ट्‌झ.”

“मग आधी हे सांगायचं ना!” आणि मग त्यांनी चष्मा लावून यादी वाचायला घेतली.

मीमांसासूत्रकार जैमिनींच्या परंपरेतल्या एखाद्या पंडिताने अधिकरण, म्हणजे एका प्रश्नाची रीतसर चर्चा, मांडताना विषय, संशय आणि प्रयोजन याच क्रमाने घेतले असते. मला त्या गृहस्थांविषयी आदर वाटला, आणि त्यांनी रंगीत दिव्यांचे चार पंखे यादीत घालण्याचा प्रयत्न केला तेव्हाही तो फारसा कमी झाला नाही.

अंग आणि प्रधान यांचा विवेक झाला की काटकसरीचा प्रश्न वेगळ्याच रीतीने उभा राहतो, आणि येथे मीमांसेतला जो भाग मला सर्वांत अधिक उपयोगी वाटतो तो जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायातला प्रतिनिधींचा विचार. विहित द्रव्य मिळाले नाही तर काय करावे? व्रीही न मिळाले तर नीवार चालतात, सोमवल्ली न मिळाली तर पूतिका चालते. प्रतिनिधी मात्र मूळ द्रव्याशी जितका सदृश असेल तितका बरा. परंतु काही गोष्टींना प्रतिनिधी नाही: देवता बदलून चालत नाही, अग्नी बदलून चालत नाही, मंत्र आणि क्रिया बदलून चालत नाहीत. किफायतीचे याहून शहाणे शास्त्र मला माहीत नाही. कारण स्वस्तात वस्तू मिळवण्याची कला ते शिकवत नाही, तर जिथे हात आखडता घ्यायची मुभा आहे त्या जागा आणि जिथे ती नाही त्या जागा यांची सीमा आखून देते. भाच्याच्या यादीतला प्रोसेसर 2022 सालचा, म्हणजे नव्या एएम5 सॉकेटच्या आधीच्या पिढीतला. हा प्रतिनिधी निर्धोक आहे, आणि त्याच्या खोक्यात पंखाही सोबत येतो. कॅबिनेटचा पत्रा पातळ असला आणि समोर जाळी असून हवा खेळत असली तर काच नसल्याने काही बिघडत नाही. मदरबोर्डावर चिलखतासारखे पत्रे नसले तरी चालते.

एसएमपीएस ही मात्र अग्नीची जागा. भिंतीतून येणारी वीज बारा, पाच आणि 3.3 व्होल्टच्या शिस्तीत बसवून ती प्रत्येक भागापर्यंत पोचवणारा हा डबा कोणत्याही खेळात एक चित्रही वाढवत नाही, म्हणून यादीतली रक्कम कमी पडली की पहिली कात्री त्याच्यावर चालते. आणि कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणारा, वजनाला हलका, नावाला पाचशे वॅटचा असा एक डबा त्याच्या जागी येऊन बसतो. प्रोसेसर 65 वॅटचा आणि कार्ड 132 वॅटचे असता एवढे वॅट पुष्कळ झाले, असा हिशेब कोणीही करील, आणि आकड्यांपुरता तो बरोबरही आहे. प्रश्न आकड्याचा नाही. चांगल्या डब्यात जादा दाब, जादा प्रवाह आणि शॉर्ट सर्किट यांच्या वेळी स्वतःला बंद करून घेण्याची तजवीज असते. वाईट डबा मरताना वाढलेला दाब पुढे ढकलतो आणि मदरबोर्डाला, कार्डाला सोबत घेऊन जातो. त्यावर छापलेले 80 प्लसचे चिन्हही केवळ इतकेच सांगते की ठरावीक भारांवर घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते आणि किती उष्णतेत जाते. सुरक्षिततेविषयी ते मौन पाळते. ज्या गावात दिवसातून दोनदा वीज जाते आणि येताना उसळी मारून येते, तिथे तर या मौनाचा अर्थ आधीच समजून घेतलेला बरा.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो मीमांसेच्या आतूनच येतो. नित्य कर्म शक्तीप्रमाणे करावे, एखादे अंग राहिले तरी ते कर्म ठरते. काम्य कर्म मात्र सर्वांगपूर्णच असले पाहिजे, एक अंग उणे पडले तरी फळ नाही. गेमिंग कॉम्प्युटर हे तर उघड उघड काम्य कर्म. त्याची इच्छा झाली म्हणून ते आरंभायचे, न आरंभले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, नाही. मग ज्याची रक्कम अपुरी त्याने हा खटाटोप करूच नये काय? जैमिनींच्या त्याच अध्यायात धनहीनाला यज्ञाचा अधिकार आहे की नाही असा प्रश्न आला आहे, आणि निकाल त्याच्या बाजूने आहे: धन हे कोणाला कायमचे चिकटलेले नसते, ते मिळवता येते, म्हणून निर्धनतेमुळे अधिकार जात नाही. हे वाचून बरे वाटते न वाटते तोच त्याच्याच आगेमागे शूद्राचा अधिकार नाकारणारे अधिकरण येते. बादरी या आचार्यांनी सर्वांना अधिकार असावा असे मत दिले होते, ते पूर्वपक्ष म्हणून नोंदवले गेले आणि बाजूला सारले गेले. दारिद्र्य तात्पुरते मानणाऱ्या शास्त्राने जन्म मात्र कायमचा मानला, हा डाग त्याच्या कितीही सूक्ष्म विचारांनी पुसला जात नाही, आणि त्या शास्त्राकडून काही शिकू पाहणाऱ्याने तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

धनहीनाचा अधिकार मान्य झाला तरी सर्वांगपूर्णतेची अट सुटत नाही. या कोंडीतून वाट आहे, आणि माझ्या मते अल्पखर्चाच्या जुळणीचे सारे तत्त्व त्या वाटेवर आहे: अंगे कमी करू नयेत, फळ निराळे निवडावे. 4के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पडद्यावर 82,94,400 ठिपके असतात, आपल्या जुन्या पडद्याच्या बरोबर चौपट. त्या फळाची कामना धरून साठ हजारांत निघालेला माणूस प्रत्येक अंगात थोडे थोडे खात जातो, एकच पट्टी, नावाचाच एसएमपीएस, जुन्या व्यवहारातून आलेले घासलेले कार्ड, आणि शेवटी मोठ्या यज्ञाची अपुरी नक्कल त्याच्या पदरी पडते. तेच साठ हजार, 20,73,600 ठिपक्यांची कामना ठेवली, तर एका लहान पण पुऱ्या कर्माला पुरतात. लहान इष्टी ही मोठ्या सोमयागाची कापलेली आवृत्ती नसते. तिची देवता, तिचे द्रव्य, तिचे फळ तिचे स्वतःचे असते. ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून आजच साडेसातशे वॅट आणि दुप्पट किमतीचा बोर्ड घेणाऱ्यांचा एक पंथ आहे. त्यांना मी उद्याच्या कामनेसाठी आज कर्ज काढणारे समजतो. अर्थात त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही: 2017 साली पहिला रायझन घेणाऱ्या कित्येकांना तोच एएम4 बोर्ड ठेवून, बायोस अद्ययावत करून, पाच वर्षांनी 5800एक्स3डी बसवता आला. पण तो योग कंपनीच्या मर्जीचा होता. यादीत त्याची तरतूद कोणत्या बाबीखाली करायची?

जुळणीच्या दिवशीची एक क्रिया मात्र पाहण्यासारखी होती. सॉकेटचा छोटा दांडा उभा केला, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, आणि भाच्याने तो चौकोन दोन बोटांनी धरून नुसता सोडला. 1331 सुया आपल्याच वजनाने आपापल्या छिद्रांत उतरल्या. बळ लावायचे नसते. बळ लावावेसे वाटले तर काही चुकले आहे असे समजायचे. मग रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, दोन्ही टोकांना टक्क असा आवाज येईपर्यंत. येथे उलट, बळ न लावणे हीच चूक. पहिल्यांदा चालू केले तेव्हा बायोसच्या पडद्यावर सोळा जीबी दिसत होते, वेग मात्र 3200 ऐवजी 2133. पट्ट्या निर्दोष होत्या, खाचा बरोबर होत्या. केवळ एक्सएमपी नावाची नोंद चालू करून त्यांना त्यांच्या वेगाने धावण्याचा हुकूम द्यायचा राहिला होता. सर्व अंगे जागेवर असून विनियोग झालेला नाही, या स्थितीचे याहून चोख उदाहरण मला तरी सापडले नसते, आणि पुष्कळांचे कॉम्प्युटर वर्षानुवर्षे याच स्थितीत चालतात.

इतके सगळे ज्यासाठी केले, ते शेवटी काय? खेळ. येथे मीमांसक अडखळतो, कारण त्याला फळ पाहिजे, आणि खेळाचे फळ खेळाबाहेर दाखवता येत नाही. वेदान्ताला ही अडचण नाही. ईश्वराने जग कशासाठी निर्मिले या प्रश्नाला ब्रह्मसूत्रांनी लीला हेच उत्तर दिले, आणि ज्याच्या सर्व इच्छा पुरलेल्या आहेत असा एखादा राजा जसा काही हेतू न धरता क्रीडा करतो तसे ते आहे, असे शंकराचार्यांनी समजावले. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात तर जगाकडे चैतन्याचा विलास म्हणूनच पाहिले, आणि संतांनी विटीदांडू, हमामा, फुगडी यांवर अभंग रचताना खेळाला हलके मानले नाही. पण माझा भाचा आप्तकाम राजा नव्हे. त्याला पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. त्याची लीला इच्छांच्या पूर्तीनंतर येत नाही, इच्छांच्या मधोमध येते. आणि म्हणून तिला वेदान्ताची सनद जशीच्या तशी लावता येत नाही.

खेळही दोन जातींचे आहेत, हे त्याच्या शेजारी बसून पाहिल्यावर ध्यानात आले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 2020 मध्ये काढलेला ‘राजी’ नावाचा खेळ आहे. सर्कशीत काम करणारी एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते, दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात, आणि काही तासांत तो खेळ संपतो. संपतो, हे महत्त्वाचे. दुसऱ्या जातीचे खेळ, उदाहरणार्थ व्हॅलोरंट, घ्यायला फुकट असतात आणि संपत नाहीत. मुदतीच्या आत पुरा करायचा बॅटल पास असतो, मुदत टळली की न मिळवलेले बक्षीस हातचे जाते, आणि खेळाडू आज खेळावेसे वाटले म्हणून बसला आहे की वायदा चुकू नये म्हणून, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

अंगांच्या मालिकेची जैमिनींनी केलेली मांडणी येथे अस्वस्थ करते. द्रव्य कर्मासाठी, कर्म फळासाठी, फळ पुरुषासाठी, इथपर्यंत सारे सरळ. पण ते तिथे थांबत नाहीत, आणि पुरुषही कर्मासाठी, असे म्हणून वर्तुळ पुरे करतात. यज्ञात ते शोभत असेल. बॅटल पासच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरते: एसएमपीएस कार्डासाठी, कार्ड चित्रासाठी, चित्र मुलासाठी आणि मुलगा खेळाच्या चालू राहण्यासाठी, म्हणजे सात बाबींच्या यादीतली आठवी बाब. बादरींनी येथेही निराळे मत दिले होते. द्रव्य, गुण आणि संस्कार एवढेच परार्थ, असे म्हणून त्यांनी अंगांची यादी तिथेच संपवली होती, आणि माणूस तीत येत नव्हता. हेही मत पुढे सरकले नाही. अधिकाराच्या प्रश्नात हरलेला आणि अंगांच्या प्रश्नात हरलेला हा आचार्य दोन्ही वेळा मला जिंकलेल्या पक्षाहून अधिक विश्वासार्ह वाटतो; भाच्याला मात्र मी अजून त्याचे नाव सांगितलेले नाही, कारण सध्या त्याचा प्रश्न वेगळा आहे: साठ हजारांतून अकराशे रुपये शिल्लक राहिले आहेत, आणि त्यांत रंगीत दिव्यांचा एक पंखा बसतो.